आधी चित्र, मग रफ

मुखपृष्ठाचं रफ घेऊन चित्रकार संपादकाकडे जायचा, ते पसंत पडलं की घरी येऊन मूळ चित्राला बसायचा. त्या बसण्याचं काम आता प्रोग्राम करू लागला आहे. कागदावर चार रेघा ओढा, फोटो काढा, काय हवं ते दोन ओळींत लिहा. चहा गाळून होईपर्यंत रंगवलेलं चित्र हजर. २०२२च्या ऑगस्टमध्ये शब्दांवरून चित्र काढणारं स्टेबल डिफ्यूजन सर्वांसाठी खुलं झालं, २०२३च्या फेब्रुवारीत त्याला रेखाटनाबरहुकूम चालवणारं, स्टॅनफर्डच्या संशोधकांचं कंट्रोलनेट आलं, आणि २०२४ संपता संपता ही सोय आयफोनमध्येही येऊन बसली.

मी बॉलपेननं एक पाठमोरी बाई काढून पाहिली. विहिरीच्या काठावर वाकलेली, नऊवारी नेसलेली, मागे काष्टा खोचलेला. काष्ट्याला एकच रेघ लागते, पण ती ठाम लागते. उत्तरादाखल आलेलं चित्र देखणं होतं, हे कबूल करायला हवं. दगडांवर शेवाळ, दोरावर ओल, सकाळचं तिरपं ऊन. काष्ट्याची रेघ मात्र प्रोग्रामला चुणी वाटली आणि बाईला पायघोळ घागरा मिळाला. शब्दांत ‘नऊवारी’ लिहून पाहिलं, तर सहावारी आली. तिसऱ्या खेपेला विहीरच गेली, नदी आली.

यातलं तंत्र फारसं गूढ नाही. एक पद्धत अशी, की तुमच्या रेखाटनावर आधी ठिपक्यांचा गोंधळ पसरायचा आणि मग तो टप्प्याटप्प्यानं साफ करत चित्र घडवायचं. गोंधळ किती पसरायचा, ते शून्य ते एकच्या मापावर आपण ठरवतो. कमी ठेवला तर बॉलपेनच्या रेघांवर रंग सांडल्यासारखा दिसतो. वाढवला तर चित्र सुंदर, पण आपलं राहत नाही. कंट्रोलनेटनं रेखाटनाला वेगळी वाट दिली, त्यामुळे आकृती जागच्या जागी राहू लागली. ही प्रगती खरीच. जाहिरातीच्या लेआउटला, रंगसंगतीच्या चार चाचण्यांना ती पुरते, त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही.

माझा आक्षेप मुळाशी आहे. या यंत्रांना रेखाटन म्हणजे काय ते शिकवलं कसं? बर्कलीच्या संशोधकांनी २०१६मध्ये रेखाटनावरून चित्र घडवणारं पिक्स-टू-पिक्स मांडलं, तेव्हा बुटांचे आणि पिशव्यांचे फोटो घेतले, संगणकाकडून त्यांच्या कडा काढून घेतल्या आणि त्या कडांनाच रेखाटन मानलं. कंट्रोलनेटच्या गिरगोट्याही तयार चित्रांवरूनच, संगणकानं मोडूनतोडून बनवलेल्या. जपानमध्ये वासेदा विद्यापीठात २०१६मध्येच कच्च्या रेघा स्वच्छ करणारी यंत्रणा झाली. तिथे चित्रकार होते, पण त्यांना तयार रेखाचित्र देऊन त्यावरून रफ काढायला सांगितलं गेलं, कारण उलट केलं तर दोन्ही चित्रं एकमेकांवर नीट बसत नव्हती. का बसत नव्हती, हे कुठलाही चित्रकार सांगेल. पक्कं चित्र करताना तो रफपासून हलतो. हात जरा वर घेतो, मान वळवतो, एखादं माणूस काढूनच टाकतो. शिकवणीतून वगळलं गेलं ते नेमकं हेच. त्यामुळे यंत्राच्या लेखी रफ म्हणजे रंग खरवडून उरलेलं चित्र. एकाच कोपरावर तीनदा फिरलेली पेन्सिल त्याला शंका वाटत नाही, फक्त जाड कड वाटते.

उलट दिशेचा एक प्रयोग आठवतो. डिस्नेच्या १९६१च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये पेन्सिलची चित्रं झेरॉक्सच्या तंत्रानं थेट सेल्युलॉइडवर उतरवली गेली. अ‍ॅनिमेटरची खरबरीत रेघ पडद्यावर पोचली. (शाईनं रेघा गिरवणाऱ्या बायकांची कामं मात्र गेली, नव्या यंत्राचा हिशेब तेव्हाही कुणाच्या तरी पगारातूनच चुकता झाला.) त्या यंत्रानं हात राखला होता. आजचं यंत्र आकृती राखतं आणि हात पुसतं.

कायद्याला हा फरक दिसला आहे, हे विशेष. चित्रकार क्रिस काश्तानोवा यांनी हातानं काढलेल्या रेखाटनावरून स्टेबल डिफ्यूजनकडून ‘रोझ एनिग्मा’ हे चित्र करून घेतलं. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसनं त्याची नोंद केली, पण हक्क दिला तो अंतिम चित्रात स्पष्ट दिसणाऱ्या मानवी रेखाटनापुरता. यंत्रानं चढवलेला साज त्याबाहेर. २०२५च्या जानेवारीतल्या अहवालातही ऑफिसनं हेच उदाहरण घेतलं. म्हणजे ज्याला आपण कच्चं म्हणतो, तेवढंच तिथे मालकीचं ठरलं.

आपल्याकडे दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते. संपादकांना एवढंच सांगणं आहे: चित्रकाराचं रफ हाती आलं, की त्याला विचारल्याशिवाय ते यंत्रात घालू नका. आणि घातलंत, तर मानधन पूर्ण चित्राचं द्या.