‘अस्तु’ आणि ०.४५

गेल्या महिन्यात साताऱ्याहून आईचा फोन आला. बातम्यांत तिने अल्झायमरच्या नव्या औषधाबद्दल ऐकलं होतं. “तू तिकडे हेच करतेस ना गं? आजीला मिळेल का ते?” आजी फोनवर माझा आवाज ओळखते, पण तिच्या लेखी मी अजून दहावीत आहे. मी काहीतरी गुळमुळीत बोलले आणि त्या रात्री ‘अस्तु’ पुन्हा पाहिला.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा २०१३ चा चित्रपट. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: संस्कृतचे गाढे अभ्यासक चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) यांना स्मृतिभ्रंश झालाय. मुलगी इरा (इरावती हर्षे) थोड्या वेळासाठी त्यांना गाडीत बसवून जाते, तेवढ्यात अप्पा रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून जातात. इकडे घरच्यांची शोधाशोध, तिकडे माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते.

आमच्या प्रयोगशाळेत हाच आजार वेगळा दिसतो. प्रथिनाची साखळी तयार झाली की तिची ठरलेली घडी पडावी लागते. घडी चुकली तर ती सुधारणारी किंवा ते प्रथिन मोडीत काढणारी यंत्रणा पेशीत असते, पण वयाबरोबर ती थकते. मग चुकलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. अमायलॉइड बीटाच्या पेशींबाहेर, टाऊच्या पेशींच्या आत. हे विसरायला लागण्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीच सुरू झालेलं असतं. टाऊच्या गुठळ्या नव्या आठवणी साठवणाऱ्या भागात लवकर होतात, म्हणून आजची सकाळ आधी पुसली जाते आणि लहानपणीचं पाठांतर बराच काळ टिकतं.

चित्रपट यातलं काहीच समजावून सांगत नाही, आणि तरी चूक करत नाही. अप्पांच्या ओठांवर संस्कृत आहे, पण आपण कुठे आहोत ते त्यांना माहीत नाही. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्यांचे अप्पा केविलवाणे होत नाहीत. कुतूहलाने भरलेले, मध्येच हट्टी, मध्येच घाबरलेले असतात. माझी आजी अगदी अशीच आहे.

माझी तक्रार चन्नम्माबद्दल आहे. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. पण कथेच्या तराजूत एका पारड्यात तिची सहज माया आहे आणि दुसऱ्यात इराची वर्षानुवर्षांची दमणूक आणि अपराधीपणा. चन्नम्मा ‘असो, आहे ते असं आहे’ म्हणू शकते, कारण हे म्हातारबाबा तिच्याकडे थोडाच वेळ असतात. आईला मी एकदा हा चित्रपट लावून दिला होता. तिने तो अर्ध्यात बंद केला. म्हणाली, “एक दिवस सांभाळायला मीही चन्नम्माच असते.” यापेक्षा नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

आता औषधाकडे. लेकॅनेमॅब अमायलॉइडच्या गुठळ्यांना चिकटतं आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या साफ करते. चाचणीत १,७९५ लोक होते, कालावधी १८ महिने. गुठळ्या खरंच कमी झाल्या. माणसांची घसरण मात्र थांबली नाही, मंदावली: १८ गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात ०.४५ चा फरक. दर दोन आठवड्यांनी सलाईन आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव नाही ना हे बघायला वारंवार एमआरआय. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटनने औषधाला परवाना दिला. त्याच दिवशी, खर्चाच्या मानाने फायदा फार थोडा म्हणून, ते एनएचएसमध्ये देऊ नये असा मसुदाही आला. शिवाय हे सगळं आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी. अप्पा त्यात बसत नाहीत, आजीही नाही.

पण ती मोजपट्टी भरतात कशी, हे बातम्यांत येत नाही. डॉक्टर रुग्णाशी बोलतात आणि त्याला रोज बघणाऱ्या माणसाशीही. म्हणजे ०.४५ या आकड्यात इरा आहे, माझी आई आहे. आम्ही संशोधक तिची साक्ष घेतो आणि तिला विसरतो. ‘अस्तु’ तिला विसरत नाही, पण शेवटी तिच्याकडून स्वीकाराची अपेक्षा करतो. मला दोन्ही पटत नाही. गुठळ्यांपुढे मी ‘अस्तु’ म्हणणार नाही, तेच तर माझं काम आहे. आणि आईनेही तिच्या थकव्यापुढे म्हणू नये.

तरीही चित्रपट बघा. जमलं तर घरच्यांबरोबर, आणि मध्येच कुणी बंद केला तर का ते विचारा.

शनिवारी मी आईला फोन केला. “आजीला नाही मिळणार ते औषध. पण डिसेंबरात मी तीन आठवडे येतेय. तेवढे दिवस तू मावशीकडे जा.”

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “तिकिटं महाग असतील गं.” नाही मात्र म्हणाली नाही.