जुन्या शूटर खेळांचे पुनर्दर्शन : चोरटी प्रत आणि विकत घेतलेली प्रत

कोणत्याही कृतीचे मूल्यमापन करण्यापूर्वी आपल्या हाती तिची कोणती प्रत आहे हे पाहावे, हा साहित्याभ्यासाचा पहिला पाठ होय. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यासाठी १९१९ ते १९६६ इतकी वर्षे वेचली, ती याच जाणिवेने. संगणकावरील खेळांची चर्चा करताना मात्र हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. खेळणाऱ्याच्या डोळ्यांनीच सारे दृश्य दाखविणारे आणि त्याच्या हाती बंदूक देणारे शूटर खेळ आता अभिजात म्हणून पुन्हा खेळले जात आहेत. ते विकत घ्यावेत की फुकट उतरवून घ्यावेत, हा वाद सामान्यतः नीतीचा मानला जातो. तो तितकाच पाठनिश्चितीचाही आहे, असे या निबंधात सुचवावयाचे आहे.

प्रस्तुत लेखकाचा या खेळांशी परिचय कवठे महांकाळ येथे झाला. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाल्यानंतर एमएस-सीआयटीच्या निमित्ताने तालुक्याच्या गावोगावी संगणकवर्ग निघाले. वर्ग सुटल्यावर तीच यंत्रे तासाच्या भाड्याने खेळावयास मिळत. सीडीवर पेनाने नुसते नाव लिहिलेले असे. वेष्टन नाही, पुस्तिका नाही, कर्त्याचा उल्लेख नाही. मूळ प्रत मागावी असे आमच्या मनातही आले नाही, आणि मागितली असती तरी ती गावात मिळाली नसती. चोरी आणि दुर्मीळता या दोन गोष्टी अशा रीतीने आमच्यापुरत्या एकच होऊन गेल्या होत्या.

त्या काळी आमच्याकडे सर्वांत प्रिय असलेला खेळ म्हणजे ‘प्रोजेक्ट आयजीआय’. नॉर्वेतील इनरलूप या मंडळींनी तो रचला आणि २००० साली तो प्रसिद्ध झाला. त्यात चौदा मोहिमा आहेत. पण मोहिमेच्या मध्येच प्रगती जतन करून ठेवण्याची सोय नाही. शेवटच्या फाटकापाशी गोळी लागली, तर पुन्हा आरंभापासून निघावे लागते. दुर्बिणीतून तळाची टेहळणी करावी, नकाशा पाहावा, कॅमेरा चुकवावा आणि मगच पाऊल टाकावे, असा संयम हा खेळ शिकवितो. विस्तीर्ण मोकळ्या भूमीवरील एकाकीपणाची भावना ही त्याची खरी मिळकत होय. शत्रूचे सैनिक निर्बुद्धपणे वागतात आणि धोक्याची घंटा वाजताच नवे नवे पहारेकरी बाहेर पडत राहतात, हे त्याचे दोषही नाकारता येणार नाहीत. तथापि, आम्ही तासाचे पैसे मोजून खेळत असल्यामुळे तो संयम आम्हांस परवडत नसे. मग अमरत्व देणारी क्लृप्ती वापरून आम्ही धावत सुटत असू. म्हणजे ज्या खेळाची आम्ही स्तुती करीत होतो, तो खेळ आम्ही खेळलोच नव्हतो!

चोरट्या प्रतींमुळे दुसरीही एक हानी होत असे. आकार लहान व्हावा म्हणून अशा अनेक प्रतींतून संगीत आणि कथा सांगणारी चलच्चित्रे काढून टाकलेली असत. ज्याने केवळ अशी प्रत पाहिली, त्याने ‘जुन्या खेळांत कथानक नव्हते’ असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष कृतीविषयीचा नसून प्रतकाराच्या कात्रीविषयीचा ठरतो.

येथे प्रत करणे आणि चोरणे यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘डूम’चा पहिला भाग कर्त्यांनीच मुक्तपणे वाटावयास दिला होता, उरलेले दोन भाग पैसे देऊन मागवावे लागत. १९९७ साली त्यांनी खेळाची मूळ आज्ञावलीही खुली केली; चित्रे व रंगस्थळे यांवरील हक्क मात्र राखले. प्रतीचा प्रसार हा स्वतः दोष नव्हे, संमतीचा अभाव हा दोष होय. आज ‘डूम’ स्टीम आणि गॉग या दोन्ही ठिकाणी उघडपणे विकत मिळतो. अशा स्थितीत ‘आम्ही वारसा जतन करतो’ असे म्हणून फुकट प्रत घेणे ही केवळ सबब आहे.

परंतु विकत घेतलेली प्रत प्रमाण असतेच, असेही नाही. २०१२ साली ‘डूम ३’च्या बीएफजी आवृत्तीबरोबर जुने दोन्ही खेळ पुन्हा देण्यात आले, तेव्हा औषधपेटीवरील लाल क्रॉस जाऊन तेथे गोळीचे चित्र आले, आणि ‘डूम २’मधील गुप्त रंगस्थळांतून नाझी चिन्हे वगळण्यात आली. या बदलांना कारणे असतील. पण अभ्यासकाच्या दृष्टीने तो पाठभेद आहे आणि त्याची नोंद झाली पाहिजे.

आणि जो खेळ विकतच मिळत नाही, त्याचे काय? मोनोलिथचा २००० सालचा ‘नो वन लिव्ज फॉरेव्हर’ हा विनोदी हेरकथेचा शूटर खेळ हक्कांच्या गुंत्यात अडकला. २०१४ च्या सुमारास नाइटडाइव्ह या कंपनीने त्याच्या पुनःप्रकाशनाचा प्रयत्न केला, तो सफल झाला नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत आढळले. अशा ठिकाणी चोरटी प्रत हीच एकमेव पोथी उरते.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. भारतात विक्रीस नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रती सार्वजनिक ग्रंथालयास करता येतात. ही सवलत पुस्तकास आहे. २०१२ च्या दुरुस्तीने जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणीस मुभा दिली, पण ग्रंथालयाजवळ त्या कृतीची अ-डिजिटल प्रत असावी, ही अट घातली. जी कृती जन्मतःच डिजिटल आहे, तिची अशी प्रत आणावयाची कोठून? उलट, बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास कारावासापर्यंत शिक्षा सांगितली आहे. ज्याच्याजवळ कायदेशीर प्रत आहे त्यास स्वतःपुरती राखीव प्रत करता येते, एवढाच दिलासा.

यावरून अभ्यासकाचे कर्तव्य निश्चित होते. खेळ विकत मिळत असेल, तर तो विकत घ्यावा. कर्त्याचे ऋण फेडल्याखेरीज केलेली समीक्षा उसन्या अन्नावरील पाहुणचार होय. कोणती आवृत्ती खेळली, हे निबंधात नमूद करावे. आणि जो खेळ मिळतच नाही, त्यासाठी चोरीचे समर्थन करीत न बसता ग्रंथालयांना जतनाचा अधिकार मिळावा, ही मागणी विद्यापीठांनी करावी. कवठे महांकाळच्या त्या खोलीत आम्हांस जो आनंद मिळाला, तो खोटा नव्हता. त्याची किंमत देणे तेवढे राहून गेले होते. ती किंमत देऊन ‘डूम’ची प्रत आता आम्ही घेतली आहे, आणि या वेळी अमरत्वाची क्लृप्ती न वापरता तो खेळत आहोत. दुसऱ्याच रंगस्थळावर तीनदा मरण आले. पण खेळ आम्हांस प्रथमच दिसत आहे.