चित्रपोस्टकार्डांतील मुंबई : रस्ता, हॉटेल आणि न दिसणारा गुत्ता

विसाव्या शतकाच्या आरंभीची मुंबईची चित्रपोस्टकार्डे अलीकडे शहराच्या इतिहासाचे साधन म्हणून वारंवार पुनर्मुद्रित होतात. ओमर खान यांच्या 'पेपर ज्वेल्स' (२०१८) या ग्रंथाने भारतविषयक कार्डांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, ही समाधानाची बाब होय. तथापि, या कार्डांना तत्कालीन रस्त्याचा आरसा मानण्याची जी प्रथा पडत आहे, ती तपासून पाहणे आवश्यक वाटते.

वास्तू आणि वाहने यांबाबत कार्डांची साक्ष भक्कम असते, हे मान्य करावयास हवे. हॉर्नबी रोडच्या, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गाच्या चित्रात ट्रामला घोडे जुंपलेले असतील, तर मूळ छायाचित्र विजेच्या ट्रामपूर्वीच्या काळाकडे बोट दाखविते. विजेची ट्राम आली ती १९०७ मध्ये. टपालाचा शिक्का मात्र कार्ड धाडल्याचा दिवस सांगतो, चित्र टिपल्याचा नव्हे. हा भेद अनेक संग्राहक विसरतात.

खरा प्रश्न माणसांचा आहे. १८६९ च्या सुमारास उभे राहिलेले वॉटसन हॉटेल व १९०३ मध्ये सुरू झालेले ताजमहाल हॉटेल यांची कार्डे विपुल आहेत. तेथील मद्यपान हा आतिथ्याचा भाग होता. कष्टकऱ्यांची मुंबई मात्र ताडीच्या दुकानांत आणि देशी दारूच्या गुत्त्यांत बसत असे. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडीवरील कराचा बोजा वाढविला, दारू गाळण्याचे काम मोजक्या भट्ट्यांकडे एकवटले आणि भंडारी समाजाच्या परंपरागत व्यवसायावर आघात केला. याच भंडाऱ्याचे चित्र कार्डांवर आढळते : कमरेला मडके, हाती कोयता, झाडावर चढलेला. त्याला नाव नाही. तो केवळ एक 'नमुना' आहे. त्याने उतरविलेली ताडी जेथे विकली जाई, ते दुकान मात्र नेहमीच्या संग्रहांत सहसा दिसत नाही. ताडी काढणारा दाखवायचा आणि पिणारा वगळायचा, ही निवड मला निरागस वाटत नाही. कार्डाचा गिऱ्हाईक प्रामुख्याने युरोपीय होता. त्याला मायदेशी धाडण्यासाठी झाड व माणूस हवा होता, सरकारी परवान्याची पाटी नव्हे.

म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांची कार्डे येथे वेगळी ठरतात. त्यांच्या रेषेत मुंबईकराची लकब ओळखणाऱ्या घरच्या माणसाचा मिस्कीलपणा आहे. परंतु तेही माणसाला रस्त्यावरून उचलून कोऱ्या पार्श्वभूमीवर ठेवतात, तेव्हा रस्ता हरवतोच.

संपादनाविषयी एक तक्रार नोंदविणे भाग आहे. बहुतेक सचित्र ग्रंथ कार्डाची दर्शनी बाजूच छापतात. पाठीमागचा मजकूर, पत्ता, तिकीट व शिक्का गाळल्यामुळे कोणी, कोणास आणि कोठून हा रस्ता दाखविला, हे कळण्याचा मार्गच बंद होतो. गुत्त्याचा शोध तर अबकारी खात्याच्या अहवालांतच घ्यावा लागतो, आणि तेथे त्याचे चित्र नसते. असतो तो महसुलाचा आकडा.