दहा दिवसांचे मातृत्व : आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रकथनातील एक मौन

डॉ. आनंदीबाई जोशी (1865–1887) यांच्या जीवनकथेने मराठी वाचकाला दीर्घकाळ भारून टाकले आहे. काशीबाई कानिटकरांचे चरित्र, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (1968) ही कादंबरी, अंजली कीर्तने यांचे संशोधनपर लेखन आणि समीर विद्वांस दिग्दर्शित चित्रपट (2019) ही तिची ठळक रूपे होत. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला व तो अवघे दहा दिवस जगला, हे सर्वज्ञात आहे. मात्र लोकप्रिय कथनात या घटनेकडे बहुधा एकच काम सोपविले जाते : ती वैद्यक शिकण्याच्या संकल्पाला कारण पुरविते. मूल गेले, निश्चय झाला. या दोहोंमधील बाळंतीण मात्र निसटते.

या संदर्भात आनंदीबाईंनी अमेरिकेतून पतीला लिहिलेले एक पत्र महत्त्वाचे ठरते. दहाव्या वर्षी लाकडाने झालेली मारहाण, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तके, सोडून जाण्याची धमकी आणि चौदाव्या वर्षीच्या विचित्र शिक्षा यांचा त्यात वयानुसार हिशेब आहे. चौदावे वर्ष म्हणजेच प्रसूतीचे वर्ष! चरित्रकथनात ही दोन वर्षे वेगवेगळ्या प्रकरणांत राहतात. आनंदीबाईंच्या देहात ती एकच होती. पतीची वागणूक बरी की वाईट हे ठरविणे कठीण आहे, असेही त्या त्याच पत्रात सुचवितात. या संदिग्धतेचा लाभ समीक्षेने गोपाळरावांनाच दिला. ‘विक्षिप्त’ हे विशेषण त्यांच्यासाठी इतके रूढ झाले आहे, की मारहाण हा स्वभावाचा एक रंग वाटू लागतो.

आनंदीबाईंना प्रसूतिपश्चात नैराश्य होते, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही. तसे निदान करण्याइतका पुरावा नाही. परंतु बालवय, अर्भकाचा मृत्यू आणि पतीकडून होणारी हिंसा हे तिन्ही घटक आजचे मानसशास्त्र या नैराश्याच्या संदर्भात गंभीर मानते. ते एकत्र दिसत असताना दुःखाचा कालखंड एका वाक्यात ओलांडणे, ही कथनाची निवड आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील वर्गात हे चरित्र वाचताना ही निवड अधिक जाणवते. आज येथील गावांत घरी आलेल्या बाळंतिणीकडे आशा कार्यकर्ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते. बाळाचे वजन, ताप, स्तनपान पाहिले जाते. शेतकऱ्यांच्या मानसिक ताणासाठी 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’तही या जिल्ह्याचा समावेश होता. त्याच्या केंद्रस्थानी शेतकरी होता. दहाव्या दिवशी पाळणा रिकामा झाला आणि घरातला पुरुष हात उगारणारा असला, तर चौदाव्या दिवशी त्या उंबरठ्यावर कोणता प्रश्न विचारला जावा? मराठी कादंबरीला आणि चित्रपटाला तो आनंदीबाईंच्या उंबरठ्यावर फारसा विचारावासा वाटलेला नाही.