'फँड्री' : दिसणे आणि दाखविणे

मराठी चित्रपटसमीक्षेत 'कौटुंबिक' हे विशेषण दीर्घकाळ एका विशिष्ट घराला अनुलक्षून वापरले गेले. त्या घराला माजघर होते, उंबरठा होता आणि उंबरठ्याआड झाकता येईल असे दुःख होते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या पहिल्या दीर्घ चित्रपटातील माने कुटुंबाला असा आडोसाच उपलब्ध नाही. या कैकाडी कुटुंबाचे श्रम, अपमान आणि बापलेकांतील ताण हे सारे गावाच्या डोळ्यांदेखत घडते. त्यामुळे एका उपेक्षित जमातीला पडद्यावर स्थान मिळाले, एवढ्यावर या चित्रपटाची चर्चा थांबविता येत नाही. दिसणे हेच जेथे शिक्षा आहे, तेथे दाखविण्याचा अर्थ काय, हा येथील प्रतिनिधित्वाचा मूळ प्रश्न होय.

मराठी साहित्यात हा प्रश्न आत्मकथनांनी वेगळ्या रीतीने सोडविला होता. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) मध्ये कैकाडी जीवन आणि लातूर परिसरातून आलेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) मध्ये उचल्या जमातीचे जीवन प्रथमच आतून व्यक्त झाले. तेथे भोगणारा आणि सांगणारा 'मी' एकच आहे. चित्रपटाला मात्र असा 'मी' सहजासहजी लाभत नाही. कॅमेरा स्वभावतःच बाहेर उभा असतो. शिवाय मंजुळे स्वतः वडार समाजातून आलेले आहेत, कैकाडी नव्हेत. म्हणजेच अनुभवाच्या प्रामाण्याचा सरळ दाखला येथे पुरेसा ठरत नाही.

'फँड्री' हा पेच रचनेतच मांडतो. जत्रेत जब्याच्या डोक्यावर बत्ती येते. इतरांवर उजेड पाडणारा हा मुलगा स्वतः मात्र त्या उजेडात नको त्या रूपात उघडा पडतो. डुकरे धरण्याच्या प्रसंगी तो भिंतीआड लपतो, कारण शालूने आपल्याला या कामात पाहू नये, एवढीच त्याची इच्छा आहे. गाव मात्र सामना पाहावा तसे हे दृश्य पाहते. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते. पुढे मारलेले डुक्कर आंबेडकर-फुल्यांची चित्रे असलेल्या भिंतीवरून नेले जाते. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. तोवर तटस्थ राहिलेला प्रेक्षक त्या क्षणी बघ्यांच्या गर्दीत जाऊन पडतो. आत्मकथनातील 'मी'ची जागा येथे या दगडाने घेतली आहे.

मात्र या दृष्टीची मर्यादाही नोंदवावयास हवी. कैकाडीत डुकराला असणारा शब्द शीर्षक होतो, घरातील बोली पडद्यावर ऐकू येते, परंतु घरातील स्त्रिया प्रामुख्याने सोसणाऱ्याच राहतात. शालू तर जब्याच्या नजरेतील एक प्रतिमा म्हणूनच उरते. तिची स्वतःची नजर कोणती, हे चित्रपट विचारीत नाही. पाहण्याच्या सत्तेला आव्हान देणारी कलाकृतीही एका नजरेला मुक्त करताना दुसरीला मुकी ठेवू शकते.

राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकीय पदार्पणासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार या चित्रपटाला लाभला. तथापि त्याचे महत्त्व त्या गौरवात नाही. 'कौटुंबिक' या संज्ञेत आजवर कोणाचा उंबरठा गृहीत धरला होता, हे त्याने उघड केले, यात ते आहे.