खतावणी गेली, पण कीर्द कुठे आहे?

गिटलॅब ही संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आपले काम एकत्र साठवण्याची सोय देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या एका अभियंत्याने, आपण दुय्यम संगणकावर काम करीत आहोत अशा समजुतीने, मुख्य संगणकावरचा माहितीसाठा पुसला. दोनेक सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. कंपनीने १० फेब्रुवारीला या प्रकरणाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांनी तो वाचावा, आणि वाचताना त्याच्याशी थोडे भांडावे, असे आम्हांस वाटते.

अहवालाचा उत्तम भाग बॅकअपविषयीचा आहे. बॅकअप घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा आणि माहितीसाठा ९.६ आवृत्तीचा. त्यामुळे बॅकअप तयारच होत नव्हता. तशी सूचना ई-मेलने निघत असे, पण पाठवणाऱ्याची खातरजमा न झाल्याने ती पत्रे नाकारली जात. तक्रार येत नाही म्हणजे सगळे ठीक, हा समज आपल्यालाही परका नाही! कामी आली ती एका चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली प्रत. तीही मंद डिस्कवरून परत आणायला अठरा तासांच्या आसपास लागले. मधल्या सहा तासांतले बदल मात्र गेले ते गेलेच. अंदाजे ५,००० प्रकल्प, तेवढेच अभिप्राय आणि ७०० नवी खाती यांना त्याची झळ बसली.

आमची तक्रार इथे आहे. हे सहा तास वाचू शकले असते. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी नोंदवहीत लिहितो आणि नंतर मूळ साठ्यात करतो. जुन्या दुकानदाराची कीर्द आणि खतावणी आठवा. खतावणी जळाली तरी दिवाळीची जुनी खतावणी आणि त्यानंतरची अखंड कीर्द हाती असेल, तर हिशेब पुन्हा उभा राहतो. गिटलॅब आपली कीर्द दुसरीकडे जपून ठेवत नव्हती. अहवालात ही गोष्ट सुधारणांच्या लांबलचक यादीतली एक बाब म्हणून येते. आमच्या मते ती पहिल्या पानावर हवी होती.

अभियंत्याचे नाव न देता 'असे का घडले?' हा प्रश्न अहवाल पुन्हा पुन्हा विचारतो, हे मात्र मनापासून आवडले. आणखी एक बारकावा: साठा परत उभा केल्यावर सर्व अनुक्रमांक १,००,००० ने पुढे ढकलले. नाहीतर हरवलेल्या नोंदीचा क्रमांक नव्याच नोंदीला मिळाला असता.

वर्गात हे करून पाहता येईल. काल्पनिक दुकानाची आठवड्याची कीर्द लिहा, सोमवार सकाळच्या शिलकी द्या आणि शनिवारची खतावणी मुलांना तयार करू द्या. मग एका गटाच्या कीर्दीतले बुधवारचे पान गुपचूप काढून घ्या. तो गट कोणत्या वारापाशी थांबतो, की थांबतच नाही, ते पाहा.