प्रवेश सर्वांना खुला

"व्याख्यानाला जाऊन येतो," एवढे सांगून संध्याकाळी घराबाहेर पडावे आणि घरच्यांना त्यात काही नवल वाटू नये, अशी गावे आता थोडी राहिली. पुणे त्यांपैकी एक. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली वक्तृत्वोत्तेजक सभा निघाली. तिची वसंत व्याख्यानमाला अजूनही एप्रिल-मेच्या उकाड्यात टिळक स्मारक मंदिरात भरते. उपरणे सावरीत पहिली रांग धरणारे श्रोते आता दिसत नाहीत. पण सायंकाळचे जेवण अर्धा तास पुढे ढकलून खुर्ची गाठणारी माणसे अजून आहेत. यात सांस्कृतिक भूषण आहे, हे मी नाकारीत नाही. मला बोलावयाचे आहे ते या व्यवहाराच्या एका निराळ्या शाखेबद्दल. ती म्हणजे विद्यापीठांनी आणि तशाच उच्च शिक्षणसंस्थांनी गावासाठी ठेवलेली व्याख्याने. त्यांच्या फलकावर शेवटची ओळ ठरलेली असते : "प्रवेश सर्वांना खुला".

ही ओळ कितपत खरी आहे?

आमच्या कर्वेनगरातील इमारतीत एक काकू राहतात. वय पंच्याहत्तरीच्या आसपास. गेल्या वर्षी शहरातल्या एका संस्थेत पानशेतच्या पुरावर व्याख्यान असल्याचे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या दुपारपासून तयार होऊन बसल्या होत्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या पाण्यापुढे खडकवासल्याचेही टिकले नाही, आणि लोंढा शहरात शिरला, तेव्हा त्या नदीकाठच्या एका पेठेत वाड्याच्या माडीवर आईच्या पदराला धरून उभ्या होत्या. व्याख्याते अभ्यासू होते. नकाशे होते, आकडे होते, सांगण्याची हातोटीही होती. काकूंनी निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने एक प्रश्न लिहून ठेवला. तो असा : आमच्या वाड्यात पाणी प्रथम आले ते नदीच्या बाजूने नव्हे, मागल्या अंगाच्या गटारातून. ते कसे?

व्याख्यान संपले. अध्यक्ष उठले आणि "मी दोनच मिनिटे घेतो" म्हणून पंचवीस मिनिटे बोलले. पुढे आभार. पुढे "वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येत नाहीत, क्षमस्व." काकूंनी वर केलेला हात खाली घेतला. जिना उतरताना एवढेच म्हणाल्या, "आपलं काय, ऐकायचं आणि यायचं."

मला ते वाक्य लागले, कारण आम्ही दोघे परत येणार होतो ते ज्या भूमीवर, तिचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. आजचे कर्वेनगर म्हणजे कालचे हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली आरंभिलेले विधवाश्रमाचे काम १९०० मध्ये या माळावर आणले. गावात प्लेगचे भय होते आणि सनातन्यांचा रोषही होता. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून संपले की अण्णा चिखल तुडवीत इकडे येत. याच हिंगण्यातून १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले, तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे विठ्ठलदास ठाकरसींच्या देणगीमुळे ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले आणि १९३६ मध्ये त्याचे ठाणे मुंबईस गेले. परंतु मूळ पीठ इथले.

त्या विद्यापीठाची दोन वैशिष्ट्ये येथे ध्यानात घ्यावयाची आहेत. पहिले, तेथे शिक्षणाचे माध्यम मातृभाषा होते. इंग्रजी हा विषय होता, दरवाजा नव्हता. दुसरे, ज्यांना कोणी "तुम्हाला काय वाटते?" असे विचारलेच नव्हते, अशांना तेथे विचारले गेले. कर्वे स्वतः फर्डे वक्ते नव्हते. पण त्यांच्या आश्रमातल्या पार्वतीबाई आठवल्यांसारखी बाई, जिने पोक्त वयात अक्षरे गिरवली, ती पुढे निधी जमविण्यासाठी गावोगाव सभांतून बोलली आणि इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेसही जाऊन आली. ऐकणाऱ्याला बोलते करणे हे शिक्षणाचे माप धरले, तर हिंगण्याचे माप भरून वाहते.

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ. विद्यापीठाने आपल्या भिंतीबाहेर जाऊन व्याख्याने द्यावीत, ही कल्पना ज्याने रुजवली तो केंब्रिजचा जेम्स स्टुअर्ट. १८६७ साली उत्तर इंग्लंडातील स्त्रियांच्या एका मंडळाने त्याला बोलावले. त्याने लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर, शेफील्ड अशा गावी खगोलशास्त्रावर व्याख्याने दिली. म्हणजे तिकडेही या गोष्टीचा आरंभ बायकांपासूनच झाला. तरुण स्त्रियांनी परक्या पुरुषाच्या प्रश्नाला भर सभेत उत्तर द्यावे हे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. म्हणून स्टुअर्टने प्रश्न छापून वाटले आणि उत्तरे लिहून मागवली. अडचणीतून एक चांगली रीत निघाली.

दुसरी रीत याहून गमतीने निघाली. रॉचडेल येथील कामगारांच्या सहकारी संस्थेत तो व्याख्याने देत होता. एकदा घाई होती म्हणून त्याने आपल्या आकृत्या भिंतीवर तशाच टांगून ठेवल्या. पुढच्या आठवड्यात सभागृहाचा राखणदार म्हणाला, साहेब, हे उत्तम काम केलेत. मधल्या दिवसांत संस्थेच्या सभासदांनी त्या आकृत्यांसमोर उभे राहून चर्चा केली होती आणि त्यांना पुष्कळ विचारावयाचे होते. वीसतीस कामगार व्याख्यानापूर्वी अर्धा तास आले. तो अर्धा तास स्टुअर्टला इतका मोलाचा वाटला की पुढे त्याने तो कायमच ठेवला. १८७३ साली केंब्रिजने ही व्याख्याने अधिकृतपणे अंगावर घेतली, तेव्हा व्याख्यान, लेखी प्रश्न आणि चर्चेचा वर्ग ही तिन्ही अंगे एकत्र होती.

आपण त्यांतले पहिले अंग तेवढे उचलले, अशी माझी तक्रार आहे.

पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. या विद्यापीठाच्या मंडळाला नाव मिळाले "बहिःशाल शिक्षण मंडळ". शब्द किती सुंदर आहे! शाळेच्या बाहेरचे ते बहिःशाल. जयकरांच्या नावाची व्याख्यानमाला या मंडळाने महाविद्यालयांतून आणि लहान गावांतून नेली, आणि जेथे एरवी प्राध्यापक फक्त लग्नाला यायचा, तेथे तो विषय घेऊन आला. हे ऋण मोठे आहे. पण बाहेर नेलेली शाळा पुष्कळदा शाळाच राहिली. उंच व्यासपीठ, हार, नारळ, परिचय, भाषण, आभार. श्रोत्याचे काम टाळ्यांपुरते.

भाषेचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली मुंबई विद्यापीठात विल्सन भाषाशास्त्रविषयक व्याख्याने दिली. संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या आपल्या भाषा हा विषय, आणि बोलणे इंग्रजीत. २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने येथे पुण्यातच काळे स्मारक व्याख्यान दिले. संघराज्य हवे की स्वातंत्र्य, हा साऱ्या देशाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता, तेही इंग्रजीत. या थोरांना दोष देण्याचा उद्देश नाही. त्या काळी विद्यापीठाची भाषा तीच होती, आणि दोन्ही व्याख्याने छापली गेल्यामुळे आजही आपल्या हाती आहेत. शिवाय हेच भांडारकर पुढे कर्व्यांच्या मराठी माध्यमाच्या विद्यापीठाचे पहिले कुलपती झाले, हेही विसरता कामा नये. प्रश्न आजचा आहे. आज फलक मराठीत आणि भाषण इंग्रजीत, असा प्रकार पुण्यात सर्रास दिसतो. दार सताड उघडे, पण उंबरठा कमरेएवढा!

याला कोणी म्हणेल, श्रोत्यांना माईक दिला की काय होते ते तुम्हाला ठाऊक नाही काय? ठाऊक आहे. एक गृहस्थ उठतात, "माझा छोटासा प्रश्न आहे" म्हणतात, आणि स्वतःचे व्याख्यान सुरू करतात. दुसरे आपल्या पुस्तकाची किंमत सांगतात. आयोजक धास्तावतात त्यात नवल नाही. पण पहिल्या पंगतीत कोणी ताट उलटे केले म्हणून दुसरी पंगत वाढावयाचीच नाही, हा काही उपाय नव्हे. प्रश्न लिहून घ्यावेत. विषयाचे एक पान, मराठीत, आधी वाटावे. अध्यक्षांची मिनिटे श्रोत्यांना द्यावीत. यांपैकी कशालाही अनुदान लागत नाही.

आणि हे आपल्याकडे होऊ शकते याचा दाखला दूर नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली 'आयुका' स्थापन झाली. डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. तेथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होऊ लागली. मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करीत, तेव्हा नारळीकर सही देत नसत. सांगत, एका पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव. उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा कित्येक घरांतून अशी जपून ठेवलेली कार्डे निघाली असतील. वहीतली सही नुसती पाहण्याची. कार्डावरच्या सहीसाठी मुलाला आधी विचार करावा लागला होता. व्याख्यान संपल्यावर ते श्रोत्याच्या घरी कसे चालू ठेवावे, याचे इतके स्वस्त आणि नेमके साधन मी दुसरे पाहिले नाही.

तेच साधन मी वापरले. काकूंचा पेन्सिलीचा प्रश्न स्वच्छ लिहून काढला, खाली त्यांचा पत्ता घातला आणि त्या व्याख्यात्यांना टपालाने पाठवला. उत्तर येईल असे मला वाटले नव्हते. तीन आठवड्यांनी पाकीट आले, चार पानांचे. नदी फुगली की तिला मिळणारे ओढे-नाले तुंबतात, पाणी उलटे चढते आणि सखल वाड्यांत मागल्या बाजूने शिरते, हे त्यांनी आकृती काढून समजावले होते. शेवटी त्यांनीच काकूंना तीन प्रश्न विचारले होते : वाडा नेमका कोणत्या बोळात होता, पाणी किती वाजता दिसले, आणि ते जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढले? असे सांगणारे आता फार थोडे उरले आहेत, असेही लिहिले होते.

दोष, म्हणजे, व्याख्यात्याचा नव्हताच. दोष त्या पंचवीस मिनिटांचा होता.

काकूंनी त्या रविवारी नातीच्या वहीचा कागद मागून घेतला आणि वाड्याचा नकाशा काढला. चौक, हौद, मागले दार, गटार, जिना. पायऱ्या त्यांनी दोनदा मोजल्या, डोळे मिटून. सातव्या पायरीवर रेघ ओढली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पुढचं व्याख्यान कधी आहे रे? या वेळी पुढच्या रांगेत बसू."